हॉलमधलं बेट

हवामान-करारातला शब्द आमच्या देशाने पाळला नाही, म्हणून बुडणाऱ्या बेटांपैकी एक आमच्या हॉलमध्ये राहायला आलं. तसं कलमच होतं: शब्द मोडला, तर ज्याची सही त्याने एक बेट घरी सांभाळायचं. दंड कोणालाच मान्य नव्हता. हे मात्र सगळ्यांनी हसतहसत मान्य केलं. आमच्याकडून सही माझी होती.

सोफा भिंतीला सरकवल्यावर बेट नीट मावलं. भोवती थोडा समुद्र, वर एक झोपडी, काही कोंबड्या आणि लोसाबाई. त्या मालिका बघून मराठी शिकल्या. सोसायटीचे सेक्रेटरी देवस्थळी येऊन पाहून गेले. "खालच्या मजल्यावर पाणी झिरपायला नको, बाकी आमचं काही म्हणणं नाही," म्हणाले.

अडचण एकच होती. कोणत्याही खोलीतला एसी लागला की समुद्र चढायचा. म्हणून मी, बायको आणि मुलगी, तिघांनी जेवताना एकमेकांना शब्द दिला: एसी बंद. तरी रोज सकाळी पाणी थोडं वर आलेलं असायचं.

"मी नाही हं लावला," हेमलता म्हणाली.

"माझ्याकडे काय बघताय बाबा? आपल्या खोलीत बघा की," मुक्ता म्हणाली.

लावत मीही होतोच. हेमलता खोलीत नसताना, दार लोटून, थोडाच वेळ. त्या दोघी लावणारच, मग मी एकट्यानेच का उकडून घ्यायचं? परिषदेत प्रत्येक देश हेच बोलायचा आणि मी त्यांना नावं ठेवायचो. माझी मलाच लाज वाटली.

शेवटी मुक्ता म्हणाली, "दारंच काढून टाकू या. कोणाचं काय चाललंय ते सगळ्यांना दिसू दे." सुतार बोलावला. त्यानंतर कोणी एसीला हात लावेना आणि पाणी चढायचं थांबलं. तपासणीला आलेले अधिकारी खूश झाले. "करार परिणामकारक ठरला म्हणायचा," म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

पाणी उतरलं मात्र नाही. झोपडी आधीच बुडाली होती. लोसाबाई कोंबड्या काखेत घेऊन उरलेल्या वाळूवर उभ्या होत्या.

"तुमच्या सोफ्यावर बसले तर चालेल का?" त्यांनी विचारलं.

मला मान वर करवेना. कोणाही पाहुण्याला म्हणतो तसं तोंडातून निघून गेलं, "विचारताय काय? आपलंच घर समजा."

"बरं," त्या म्हणाल्या. कोंबड्या सोफ्यावर सोडल्या, स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि आमच्या खोलीतला एसी उतरवायला लागल्या.

मी स्टूल धरून उभा राहिलो.