नवलाई होडी आणि चार आळ्यांच्या बॅटऱ्या

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती. ती जंगलाच्या बरोबर मधून वाहायची, त्यामुळे निम्मं जंगल नेहमी पलीकडे असायचं. कुठूनही बघा, पलीकडेच.

नदी ओलांडायचे दोन मार्ग होते. एक भागूआत्याची होडी. दुसरा मगरभाऊंची पाठ. मगरभाऊ फुकट न्यायचे. बोलायचेही गोड. त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार आलेली नव्हती, कारण तक्रार करायला कुणी परत आलंच नव्हतं. तरी आत्याची होडी बंद असली की त्यांच्याकडे रांग लागायची. फुकट म्हटलं की आपल्या जंगलात कुणी पुढचं विचारत नाही.

भागूआत्या म्हणजे पाणमांजर. मिशा पांढऱ्या, जीभ तिखट. होडी तिच्या आजोबांची. आजोबांनी तिचं नाव 'नवलाई' ठेवलं तेव्हा ती खरोखरच नवी होती. आता तिच्या प्रत्येक फळीतून पाणी झिरपायचं. तळाशी एक पंप बसवलेला होता, तो ते पाणी उपसून बाहेर टाकायचा. पंप चालायचा बॅटरीवर. इंजिन सुरू व्हायचं तेही बॅटरीवरच; एकदा सुरू झालं की मग पंपाला वीज तेच पुरवायचं. नवलाई लाकडावर तरंगते असं सगळ्यांना वाटायचं, पण खरं तर ती बॅटरीवर तरंगत होती.

आत्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. नवलाईत बसलेल्या कुणाचाही पाय आजवर ओला झाला नव्हता.

त्या वर्षी पावसाचा जोर ओसरला. झावळ्यांखाली झाकून ठेवलेली होडी आत्यानं उघडली, तर बॅटऱ्या लग्नाच्या जेवणावरून उठलेल्या पाहुण्यांसारख्या फुगलेल्या. चार्जरही आजोबांच्याच काळातला. लोखंडी पेटी, चालू केली की गुरगुरायची आणि थांबायचं कधी ते तिला ठाऊक नसायचं. तिनंच बॅटऱ्या उकळून काढल्या होत्या.

नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. त्या दिवशी जो पहिली फेरी करेल त्याला वर्षभरासाठी घाटाचा मक्ता मिळायचा. नवलाई निघाली नाही तर घाट मगरभाऊंचा. सगळं जंगल वर्षभर त्यांच्या पाठीवर! आत्याला या विचारानं झोप लागेना.

ती धोंडूकाकांकडे गेली. धोंडूकाका म्हणजे कासव. उभी हयात इंजिनं आणि वायरी यांत गेलेली.

"काका, बॅटऱ्या कुठल्या घेऊ? आणि चार्जर?"

धोंडूकाकांनी मान बाहेर काढली. मान बाहेर काढायलाच त्यांना अर्धा तास लागत असे, म्हणून ते कमी बोलत.

"दिवसाला वीज किती लागते ते आधी मोज. मग बॅटऱ्या घे. इंजिनाची वेगळी, पंपाची वेगळी. पंपाला दोन लावशील तर जुळ्या बहिणी असल्यासारख्या घे, एका प्रकारच्या, एका वयाच्या. आणि चार्जर सगळ्यात शेवटी, बॅटरीला मानवेल तो. संपलं."

"एवढंच?"

"एवढंच. वल्ही मात्र होडीतच ठेव."

काकांनी मान आत घेतली. सल्ल्याबद्दल त्यांनी काही मागितलं नाही आणि तिथेच घात झाला. असा फुकटचा सल्ला सभेत मांडायचा तरी कसा?

कारण मुलांनो, त्या जंगलात सभेशिवाय काही होत नसे. चार आळ्या होत्या: वडआळी, माळआळी, डोंगरआळी आणि बाजारआळी. सार्वजनिक कामात चारही आळ्यांचा मान असायचा. प्रसादाला गूळ एका आळीचा, खोबरं दुसरीचं, वेलदोडा तिसरीचा, कढई चौथीची. शिरा फार छान व्हायचा. मग बॅटऱ्यांचं का होऊ नये?

सभेचे अध्यक्ष बापूसाहेब रानडुक्कर. चिखलात बसूनही रुबाबदार दिसायचे.

"प्रत्येक आळी एकेक बॅटरी देईल," बापूसाहेबांनी जाहीर केलं. "कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. चारही एकत्र जोडायच्या!"

"पण बापूसाहेब," आत्या म्हणाली, "धोंडूकाका म्हणत होते, सारख्याच हव्यात..."

"धोंडू कुठल्या समितीवर आहे?"

धोंडूकाका कुठल्याच समितीवर नव्हते. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत चार बॅटऱ्या आल्या. माळआळीनं ट्रॅक्टरची दिली. बाजारआळीनं वरातीच्या गाडीतली दिली; तिच्यावर अजून गुलाल होता. डोंगरआळीनं शहरातून लिथियमची कोरी करकरीत आणली. वडआळीनं, म्हणजे खुद्द बापूसाहेबांनी, घरच्या इन्व्हर्टरची दिली. ती त्यांच्या घरी तीन वर्षं बंद पडून होती, पण दान देताना वय विचारायचं नसतं.

राहिला चार्जर. तो आणला शहरातून परतलेल्या वानरानं. नाव चिंतोपंत. शहरात ते एका विजेच्या दुकानासमोरच्या झाडावर राहत, म्हणून जंगलात तज्ज्ञ ठरले.

"याला सात दिवे आहेत," चिंतोपंत म्हणाले. "हा बॅटरी आपोआप ओळखतो."

"चार वेगवेगळ्या असल्या तर?" आत्यानं विचारलं.

"चारपट ओळखतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चार्जर लावला. सातही दिवे लुकलुकले आणि तासाभरात एक हिरवा दिवा लागला. सभेनं टाळ्या वाजवल्या. कुणाची बॅटरी भरली आणि कुणाची रिकामी राहिली, हे त्या दिव्याला कुणी विचारलं नाही.

चार बॅटऱ्या ठेवायला जागा हवी, म्हणून समितीनं वल्ही काढून टाकली. कालबाह्य म्हणून.

आत्याला हे सगळं दिसत होतं. पण चारही आळ्यांनी मानानं दिलेलं नाही म्हणायचं कसं? ती गप्प बसली. तिखट जिभेची माणसं नेमकी नको तिथे गप्प बसतात, आणि मला याचा राग येतो.

पौर्णिमेला नवलाई सजली. चार आळ्यांचे चार नारळ नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, फुटले. खोबरं वाटलं, करवंट्या होडीतच पडल्या. बापूसाहेब, चिंतोपंत आणि आळ्यांचे मानकरी चढून बसले. धोंडूकाकांचं नाव मानकऱ्यांच्या यादीत नव्हतं. ते शांतपणे पाण्यात उतरले आणि होडीबरोबर पोहू लागले.

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. आत्याचा जीव भांड्यात पडला. पंप चालू, माळेचे दिवे चालू, भोंगा चालू. होडी मध्यावर आली आणि बापूसाहेब भाषणाला उभे राहिले.

"बंधुभगिनींनो... आत्या, ते इंजिन बंद करा. माझं मलाच ऐकू येत नाही."

"आधी काठ गाठू, बापूसाहेब."

"अध्यक्षांच्या भाषणात इंजिन?"

मानकऱ्यांनी आत्याकडे रागानं पाहिलं. आत्यानं इंजिन बंद केलं.

भाषण पाऊण तास चाललं. एकतेवर होतं. चार बॅटऱ्या कशा एकदिलानं नांदतात यावर बापूसाहेब आले आणि भोंगा कुंई करून थांबला. दिवे गेले. पंप दोनदा उचकी देऊन गप्प झाला. आत्यानं इंजिनाची चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. काहीच नाही.

फळ्यांमधून पाणी मात्र येतच होतं. पाण्याला सभेचे नियम ठाऊक नव्हते.

"चिंतोपंत, काय झालं?" बापूसाहेबांनी विचारलं.

"चार्जर तर काठावर आहे," चिंतोपंत म्हणाले. "त्याचा दिवा अजून हिरवाच दिसतोय."

तेवढ्यात होडीच्या बाजूला दोन डोळे वर आले. मगरभाऊ.

"काही मदत, आत्या?" ते मायेनं म्हणाले. "पाठ रिकामीच आहे."

बापूसाहेबांनी एक पाय उचलला. "काय आहे," ते हळूच म्हणाले, "यांच्याकडे बॅटरीची भानगड नाही."

"पाय खाली!" आत्या ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या होडीत कुणाचे तरी पाय ओले झाले होते. "काका! धोंडूकाका! काय करू?"

धोंडूकाकांनी पाण्यातून मान वर काढली. या वेळी अर्धा तास लागला नाही.

"ती इन्व्हर्टरची म्हातारी बाकीच्यांचं रक्त पितेय, ती सोडव. लिथियमची केव्हाच रुसून बसलीय, ती सोडव. वरातीचीही सोडव. ट्रॅक्टरची एकटी ठेव आणि दहा मिनिटं विसावू दे. मग चावी फिरव."

"वडआळीची सोडवायची?" बापूसाहेब गरजले. "अध्यक्षांची?"

"आणि आमची का?" डोंगरआळीचा मानकरी उठला. "आमची सगळ्यांत नवी!"

"एकट्या माळआळीची ठेवायची, हा कट आहे," बाजारआळी म्हणाली.

"मतदान घ्या," चिंतोपंत म्हणाले.

पाणी घोट्याच्या वर आलं. मगरभाऊ तोंड मिटून हसत होते. आणि मानकरी हात वर करून मतं मोजत बसले होते.

तेव्हा आत्याची तिखट जीभ परत आली. ती काय बोलली ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. मथितार्थ एवढाच की करवंट्या उचला आणि उपसा. मग तिनं पाना घेतला आणि तीन आळ्यांचा मान एकामागून एक सोडवला.

मुलांनो, त्या दहा मिनिटांत जंगलाची सगळी प्रतिष्ठित मंडळी करवंट्यांनी पाणी उपसत होती. बापूसाहेब सगळ्यांत जोरात. मगरभाऊंनी त्यांच्याकडे एकदा नीट, वजन जोखल्यासारखं पाहिलं होतं.

आत्यानं डोळे मिटून चावी फिरवली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडलं. त्याच्या जोरावर पंपही चालू झाला. नवलाई पलीकडच्या काठाला लागली. सगळे उतरले. सगळ्यांचे पाय ओले होते, पण सगळ्यांना पाय होते. आत्या नाळेवर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

तिसऱ्या दिवशी सभा भरली.

तीन आळ्यांचा अपमान केल्याबद्दल भागूआत्याचा निषेध झाला. चार्जरचा सत्कार झाला, कारण संपूर्ण संकटात त्याचा हिरवा दिवा एकदाही विझला नाही. धोंडूकाकांना विनापरवाना पोहल्याबद्दल ताकीद मिळाली. आणि घाट एकमतानं मगरभाऊंना दिला गेला. कारण ते बॅटरीशिवाय चालतात, धूर सोडत नाहीत आणि कुणाच्या मानापानात पडत नाहीत.

आत्यानं कपाळावर हात मारला. मग ती धोंडूकाकांबरोबर बसली, वीज मोजली, बॅटऱ्या घेतल्या. एक इंजिनाला, दोन जुळ्या पंपाला. सगळ्यांत शेवटी एकच दिवा असलेला साधा चार्जर. वल्ही होती तिथे परत ठेवली. घाट नव्हता, म्हणून ती वरच्या वळणावर होडी लावून बसली.

मगरभाऊंच्या पहिल्या फेरीला अर्थातच मानकऱ्यांचा मान होता. बापूसाहेब हार घालून सर्वांत पुढे बसले. काठावर वाद्यं वाजली.

पुढची सभा भरली नाही. गणपूर्ती झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून लोक वरच्या वळणापर्यंत चालत जाऊ लागले. आत्या त्यांना एकच सांगायची, पाय कोरडे ठेवून बसा. मगरभाऊंविरुद्ध मात्र कुणी तक्रार केली नाही. त्यांचा तो लौकिक आजही कायम आहे.

तात्पर्य : जाणकार फुकट सल्ला देत असेल तर तो मुळीच ऐकू नये. चार आळ्यांचा मान राखून बुडावं, पण मोजमाप करून तरंगू नये. आणि हिरवा दिवा लागला की लगेच टाळ्या वाजवून घ्याव्यात, कारण होडी त्यानंतर बुडते.