पिंपाचे लाड

हेडक्लार्क निवृत्त झाले आणि घरच्यांचे ग्रह फिरले. ऑफिसात टेबलावरचा कागद हलवायला ज्यांना महिने लागत, त्यांनी चार दिवसांत गच्चीवर बायोगॅसचं पिंप बसवलं. "कचऱ्यात केवढी ऊर्जा पडून असते, कल्पना आहे तुला?" असं बायकोला विचारून त्यांनी दोन्ही सिलिंडर परत करून टाकले. बायकोला कल्पना नव्हती. बिचारीला फक्त स्वयंपाक करायचा होता.

सुरुवातीला शेगडी छान पेटली. बसवणाऱ्याने बजावलं होतं, रोज डबाभरच कचरा घाला. पण लाडक्या लेकराला कोणी मोजून वाढतं का? सालं, देठं, शिळा भात, सगळं पिंपाला. पुढे पुढे तर ताटातलंही.

"अहो, मी जेवतेय अजून."

"दोन घास राहू दे. त्याला होतील."

अति खाऊन पिंपाचं पोट बिघडलं आणि गॅस बंद पडला. ते उपाशी आहे, असं निदान करून हेडक्लार्कांनी आणखी घातलं. वासाने खालच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

नेमके तेव्हाच मुलीचं लग्न पक्कं करायला मुलाचे आईवडील यायचे होते. मुलगा तिनेच पसंत केलेला. वडिलांनी घोळ घातला नाही म्हणजे मिळवली, एवढीच तिला धास्ती.

"बाबा, आज पिंपाचं नाव काढू नका."

"छे, मी कशाला काढतोय?"

बायकोने शेजारणीकडून चहा करून मागच्या दाराने आणला. मुलाच्या वडिलांनी घोट घेतला. "वा, फक्कड झालाय."

"कचऱ्यावर केलाय," हेडक्लार्क म्हणाले.

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. मुलीने डोळे मिटले.

मुलाचे वडील मात्र खुर्चीत पुढे सरकले. तेही नुकतेच निवृत्त झाले होते. दोघे नाकाला रुमाल लावून गच्चीवर गेले, ते लग्न पक्कं करूनच खाली आले.

"आम्हालाही असंच एक हवंय," मुलाचे वडील म्हणाले.

"असंच कशाला? हेच न्या," बायको ताडकन म्हणाली. "आमच्याकडून भेट. आजच्या आज."

हेडक्लार्कांचा चेहरा पडला. पण ते बंद पडलंय हे कोणत्या तोंडाने सांगणार? मुकाट्याने त्यांनी पिंप टेम्पोत चढवलं.

टेम्पो वळेपर्यंत बायको दारात हात हलवत होती. "सुटले गं बाई एकदाची."

"तू सुटलीस," मुलगी म्हणाली. "मला तिकडेच नांदायचंय."