शंभर अक्षरांत आत्या

"मागणं मागताना नाव, गाव, कूळ समदं सांगावं गं. अर्धवट मागितलं की देवबी कोड्यात पडतो." आईचं हे सांगणं रुपालीने देवापुरतं ठेवलं नव्हतं. शिरूरच्या कॉलेजात, लायब्ररीच्या कॉम्प्युटरपुढेही ती तसंच मागायची.

गुरुवारची दुपार होती. पंखा जपमाळ ओढल्यासारखा हळूहळू फिरत होता आणि पोटात नुसती भगर असल्यामुळे सगळं जग किंचित तरंगत होतं. रुपालीने हात जोडले आणि प्रबंध शोधायच्या चौकटीत लिहिलं : 'मुक्काम यवत, तालुका दौंड, येथील श्रीमती चांगुणाबाई, कैलासवासी कोंडिबा यांच्या पत्नी, यांनी जमिनीखालच्या धान्याच्या पेवाची माहिती पस्तीस वर्षांपूर्वी ज्या ताईंना सांगितली, त्यांचा प्रबंध कृपया मिळावा, ही नम्र विनंती.'

चौकट लाल झाली. 'शोध फार लांब आहे. मर्यादा शंभर अक्षरे.'

फोनवर यवतहून चांगुणाआत्या वाटच बघत होती. त्या ताई पुस्तक पाठवते म्हणून गेल्या, त्या गेल्याच. आता नातवंडं "आजी पुस्तकात हाय म्हणं!" करून खिदळायची. सापडेल त्याच दिवशी येऊन सगळ्यांपुढे वाचून दाखवीन, असा रुपालीने शब्द दिला होता.

"आत्या, जागा पुरंना. काहीतरी कापावं लागंल."

"तुझ्या कोंडिबामामांचं नाव काप. त्यांनी पेवात कवा पाय घातला?"

"अगं, कैलासवासी आहेत ते!"

"मग त्यास्नी काय कळतंय? काप."

मामा गेले. पाठोपाठ तालुका गेला. तरी लालच. 'नम्र विनंती' पुसताना तर रुपालीला चपला घालून देवघरात शिरल्यासारखं झालं.

ग्रंथपाल विश्वजीत सर मागून जाता जाता म्हणाले, "रुपालीताई, अर्ज न्हाई करायचा त्याला. दोन शब्द टाका."

'पेव यवत.'

आणि आत्या सापडली! पान एकशे बारा. रुपाली फोनवर वाचू लागली, "चांगुणाबाई म्हणाल्या, पेव उघडलं की आधी आत दिवा सोडावा. दिवा जगला तर माणूस सोडावा. दिवा विझला तर..."

"माझंच बोलणं हाय! पुढं?"

पुढे बारीक अक्षरांत एवढंच होतं : 'चांगुणाबाईंनी आणखी पुष्कळ सांगितले. वही संपल्याने नोंद येथेच थांबवली आहे.'

"पुढं वाच की गं!"

"पुढचं... तुझ्यापाशीच हाय, आत्या."

आत्या हसली, "अगं, खरं तर तिथनंच सुरू व्हतं!"

रुपालीने पान छापून घेतलं, घडी करून पिशवीतल्या पोथीत ठेवलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली. चार पावलं गेली, थांबली, परत फिरून आणखी दोन घेतल्या. मग पदर सावरून ती यवतला जायला चौफुल्याच्या एसटीत जाऊन बसली.