काकडे काकांची मोजणी

आमच्या घरमालकांच्या टीव्हीवर गोल कधीच वेळेवर होत नाही. जगात तो होऊन जातो, रस्त्यापलीकडच्या हॉस्टेलातली मुलं ओरडून मोकळी होतात, आणि इथं चेंडू अजून मैदानाच्या मध्यावरच लटकलेला असतो. कारण काकडे काकांनी रिमोट दाबून सगळ्या खेळाडूंना जागच्या जागी उभं केलेलं असतं.

"मॅडम, बॉल बघू नका," म्हणत काका उठून टीव्हीपाशी जातात. "बॉल तर कोणीबी बघतं. ही जागा बघा. ह्या पिवळ्याच्या मागं केवढी पडीक जमीन हाय."

मग ते पडीक जमिनीवर बोट ठेवतात. बोटाचा ठसा उमटतो. सुमनकाकू दर रविवारी टीव्हीची काच पुसतात आणि म्हणतात, "ह्यांनी आज बराच मुलूख पालथा घातलेला दिसतोय."

उत्तमराव काकडे सरकारी मोजणीदार होते. सोयगाव, देवगाव रंगारी, पाचोड, जिथं बांधावरून दोन भाऊ भांडले तिथं काका साखळी आणि नकाशा घेऊन हजर. आता निवृत्त होऊन औरंगाबादला सिडकोत वरच्या मजल्यावर राहतात. मी खालच्या मजल्यावर भाड्यानं राहते आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. फुटबॉलमध्ये हात लावायचा नसतो, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं काकांनी शिकवलं, तेही महसुली भाषेत.

त्यांच्या हिशोबानं चढाई म्हणजे अतिक्रमण, बचाव म्हणजे वहिवाट. आणि एका संघाचा चेंडू दुसऱ्याकडे जातो ना, तो मधला क्षण म्हणजे फेरफार. काकांचा सगळा जीव त्या फेरफारात.

"एकाच्या नावावरून जमीन उतरली, दुसऱ्याच्या नावावर अजून चढली नाय. त्या टायमाला मालक कोण? कोणीच नाय. सगळी घुसखोरी तव्हाच व्हती. बघा, बॉल गेला तर हे दोघं अजून पुढंच पळायलेत. ह्यांना खबरच नाय, सातबारा बदललाय."

मी बघितलं तर खरंच दोघं उलट्या दिशेनं धावत होते. मला गंमत वाटली. पुढच्या वेळी फेरफार होताना पहिलं कोण वळतंय हे मीच शोधायला लागले. काही खेळाडू चेंडू जायच्या आधीच मान वळवतात. त्यांना कसं कळत असेल? काकांना विचारलं तर म्हणाले, "ज्याची जमीन एकदा गेली असंल, त्याला कळतं."

"पण काका, गोल तर दाखवा."

"गोल म्हंजी निकाल. निकाल कचेरीत लागतो. भांडण बांधावर असतं."

घरातला टीव्ही पुरेना, तेव्हा काका जुन्या शहरातल्या एका मैदानावर पोरांच्या मॅची बघायला जाऊ लागले. तिथं रिमोट चालत नाही, ही त्यांची मोठी अडचण. म्हणून ते रेषेच्या कडेनं स्वतः फिरत, मध्येच थांबून डोळा बारीक करत, पावलं टाकत. एकदा एका खेळाडूनं विचारलं, "चाचा, कौनसी टीम के हो?"

काका सवयीनं बोलून गेले, "किसी के नाय. मोजणीला आलोय."

पोरांनी खेळ थांबवला. सरकारी माणूस मैदान मोजायला आलाय, आता इथं कॉम्प्लेक्स होणार, ही बातमी चहाच्या टपरीपर्यंत पोचली. बघता बघता दोन्ही संघ, राखीव खेळाडू आणि टपरीवाला काकांभोवती गोळा झाले. काकांनी परोपरीनं समजावलं की मी तुमचा बचाव मोजतोय. कुणाला पटेना. शेवटी त्यांनी गोलकीपरला ओढत नेऊन त्याच्या डावीकडची मोकळी जागा दाखवली. पोरं हसली, चहा पाजला. घरी येऊन काका मला म्हणाले, "नोकरीत असताना एवढी गर्दी जमली, की मी पळून जायचो. आज लई बरं वाटलं."

आता कुणाला वाटेल, काकांचं गणित बिनचूक असेल. तसं अजिबात नाही. पाचोडला त्यांच्या पुतणीच्या लग्नात जेवणाच्या वेळी काकांनी सगळा मंडप न्याहाळला आणि माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, वरपक्ष सगळा डाव्या अंगाला गोळा झालाय. उजवं अंग मोकळं. चला." काकू, मी आणि ताटं, असे आम्ही मंडपाला वळसा घालून उजवीकडे पोचलो. तिथं हात धुवायची जागा होती.

"जागा बरोबर व्हती," काका म्हणाले. "माल नव्हता."

एवढा माणूस फुटबॉलवेडा, म्हणजे तरुणपणी खेळला असेल, असं मी धरून चालले होते. एका शनिवारी काकूंचं शिऱ्याचं पातेलं परत द्यायला वर गेले, तेव्हा जर्मनीतल्या मुलाशी, नितीनशी, काकांचं फोनवर बोलणं चाललं होतं. अमक्याचा बचाव, तमक्याची चढाई, उजवीकडचा पिवळा. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काका, तुम्ही कुठल्या संघात खेळायचात?"

"मी? मी कशाला खेळतो." काकांनी चष्मा काढून पुसला. "मला कुठं एवढी हौस हाय, मॅडम. नितीन कॉलेजात असताना खेळायचा. तो तिकडं गेला, तव्हा फोनवर काय बोलावं तेच कळंना. जेवलास का? जेवलो. थंडी हाय का? हाय. संपलं. एकदा सहज म्हणलं, तुमच्याकडं मॅच व्हती म्हणं. तर लई वेळ बोलला. मंग म्हणलं, शिकून घेऊ."

काकू आत कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबलेले मला दिसले.

डिसेंबरात नितीन सुट्टीवर आला. चॉकलेटं द्यायला खाली माझ्याकडे आला आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "ताई, तुम्हालाही नानांनी बिघडवलं म्हणे." वडिलांना तो नाना म्हणतो.

"तुमच्याइतकं नाही," मी म्हटलं.

"खरं सांगू का? मॅच बघून मला वर्षं झाली. शनिवारी फोनच्या आधी कुठलंतरी वर्णन वाचून ठेवतो. नानांना एवढं आवडतं, त्यांचा हिरमोड कशाला करायचा? पण आता कंटाळा आलाय. ह्या खेपेला सांगूनच टाकतो."

मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. दोघांची दोन गुपितं एकट्या माझ्याकडे आली होती आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. एक उघड केलं की दुसरंही उघडं पडणार. पुन्हा दर शनिवारी जेवलास का, थंडी आहे का. मी पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला आणि चॉकलेटांचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर मॅच होती. काकूंनी मलाही बोलावलं. बाप-लेक शेजारी शेजारी बसून अगदी मन लावून टीव्ही बघत होते. एवढ्या कर्तव्यदक्षतेनं मी पेपरसुद्धा तपासत नाही.

तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टर दोनदा कुईं करून गप्प झाला. काकूंनी मेणबत्ती लावली. बोलण्यासारखं जे काही होतं, ते टीव्हीतच राहिलं होतं.

"नाना, एक सांगायचं होतं," नितीन म्हणाला.

काका म्हणाले, "सांग की."

नितीननं मेणबत्तीकडे बघितलं. सांगायला घेतलेलं त्यानं बहुतेक गिळलं. मग हळूच म्हणाला, "मला तिकडं करमत नाही."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा उजेड भिंतीवरून सरकला.

"सोयगावला खोली करून राहिलो व्हतो," काका म्हणाले. "तू तव्हा लहान. काम संपलं, का संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसायचो. औरंगाबादची शेवटची गाडी सुटायची. ती बघायला."

"बघायला? बसायचं ना तिच्यात."

"सकाळी पुन्हा मोजणी असायची. कसं बसणार? नुस्तं बघायचो. कोण कोण चाललंय."

"हे कधी बोलला नाहीत."

"तू इचारलं नाय. आन् मला कुठं बोलता येतं."

लाईट आली. टीव्ही धडाक्यात सुरू झाला. आमच्या गैरहजेरीत कुणीतरी गोल केला होता, खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले होते. दोघांपैकी कुणाचीही मान तिकडे वळली नाही. काकूंनी फुंकर मारून मेणबत्ती विझवली, उशीखाली चाचपडून रिमोट काढला आणि टीव्ही बंद केला. मी चपला शोधू लागले.

नितीननं खुर्ची थोडी पुढं ओढली.

"मग नाना," तो म्हणाला, "गाडी गेल्यावर काय करायचात?"