मुळ्येकाकांची निळी तार

आमच्या सुदामा नगरात कुणाला फोटो पाठवायचे असले तर लोक बोटाने पाठवतात. मुळ्येकाका स्कूटरवरून पाठवतात. म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच घेऊन येतात. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून दोरीने बांधलेला काळा डबा आणि गळ्यात निळ्या तारेचं वेटोळं. नवीन माणसाला वाटतं, कुणा आजाऱ्याला दवाखान्यात नेताहेत.

काकांची सगळी नोकरी टेलिफोनच्या खात्यात तारा जोडण्यात गेली. त्यामुळे हवेवर त्यांचा विश्वास नाही. "हवेतून वारा येतो, वहिनी. फोटो नाही," असं ते मला, त्यांच्या शेजारणीला, सांगतात. पेन ड्राइव्हला तर ते उष्टा चमचा म्हणतात. "दहा तोंडांत जाऊन येतो मेला!" म्हणून त्यांची पद्धत एकच. एक कॉम्प्युटर इकडे, एक तिकडे आणि मध्ये त्यांनी स्वतः टोकं दाबून केलेली तार.

हे काम साधं नसतं. आधी दोन्ही यंत्रांना आकड्यांचे पत्ते द्यावे लागतात. "गाव एकच पाहिजे, घर नंबर वेगळा. दोघांना एकच घर दिलं की भांडतात." मग कॉम्प्युटरच्या आतला चौकीदार थोडा वेळ झोपवायचा, नाहीतर तो शेजारच्याला चोर समजतो. हे सगळं होईपर्यंत घरात मिक्सर लावायचा नाही. मिक्सरचा आणि फोटोंचा काय संबंध, ते मी कधी विचारलं नाही. आमच्या घरी तार लागली त्या दिवशी मी चटणी पाट्यावर वाटली.

एकदा आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना उत्सवाचे फोटो हवे होते. ते म्हणाले, "क्या काका, तार-वार लेके घूम रिये हो! लिंक भेज दो ना."

"आपकी लिंक दिखाओ, किधर है," काका म्हणाले. "मेरी तो ये रही."

अध्यक्षांच्या कॉम्प्युटरला तार जोडली आणि त्याला लावलेल्या मोठ्या टीव्हीवर त्यांचा 'समाजसेवा' नावाचा फोटोंचा कप्पा सगळ्यांसमोर उघडला. आत समाज कुठे दिसेना. अध्यक्ष हार घालताना, अध्यक्ष हार घेताना, अध्यक्ष हार काढून हातात धरताना. काका शांतपणे म्हणाले, "हार वाळतानाचा एक राहिला, भिया." तेव्हापासून अध्यक्षसुद्धा हवेवर विश्वास ठेवत नाहीत आणि तारेवर तर मुळीच नाही.

काकू गेल्यापासून काका घरात एकटेच असतात. मुलगी रेवा हैदराबादला नोकरी करते. काकूंचे सगळे फोटो, स्वयंपाकघरात काढलेले व्हिडिओ काकांच्या डब्यात आहेत. रेवा फोनवर म्हणायची, "बाबा, एकदा नेटवर टाकून द्या ना, मी इथून घेईन." काका म्हणायचे, "तू ये. लॅपटॉप घेऊन ये." ती यायची, तार लागायची आणि दर वेळी काही ना काही न्यायचं राहूनच जायचं.

या वेळी ती आली ती सांगतच, "आज सगळं घेऊन जाणार. संध्याकाळचं विमान आहे. यासाठी परत परत सुटी नाही मिळत, बाबा."

मी काकांच्या सांगण्यावरून पोहे करून नेले होते. काकांनी तिचा नवा लॅपटॉप हातात घेतला. चारी बाजूंनी फिरवला. उलटा केला.

"अगं, याला तार लावायला भोकच नाही!"

"आता नसतंच, बाबा. राहू द्या तार. फोनवरून करू, बसल्या बसल्या होईल."

काकांचा चेहरा असा उतरला की मी पोह्यांवर उगाच आणखी जीरावणाचा मसाला घातला. "थांब," म्हणाले आणि स्कूटर काढून गेले. परत आले ते धापा टाकत. हातात अंगठ्याएवढा जोड होता. तो लॅपटॉपला लावला, त्याला तार लावली. पत्ते झाले, चौकीदार झोपला. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली.

गळ्यातली नेहमीची नव्हे, ही तार हातभरच लांब. लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत नेता येईना. रेवा वैतागली. "तार मोठी का नाही केली हो?"

"एवढी पुरते," काका म्हणाले.

मग ती बसली. आलेल्यातला एक व्हिडिओ तिने उघडला. त्यात काकू झाऱ्या हातात घेऊन काकांना ओरडत होत्या, की तुमच्या तारा माझ्या वाळवणावरून काढा. रेवा खो खो हसली. तिने ऑफिसचा फोन पालथा घातला आणि म्हणाली, "मग तुम्ही काढल्या का?" काका सांगू लागले. ती मध्ये मध्ये "खोटं!" म्हणत होती.

मी चहा घेऊन गेले तेव्हा रेवा हात धुवायला उठली होती. पट्टी शेवटपर्यंत भरली होती. आतून तिने विचारलं, "बाबा, झालं का? टॅक्सी बोलवू?"

काकांनी काकूंच्या फोटोंचा तोच कप्पा माऊसने पुन्हा उचलून रेवाच्या लॅपटॉपवर टाकला. पडद्यावर कसला तरी प्रश्न आला.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"म्हणतंय, हे सगळं तिच्याकडे आधीच पोचलंय. परत पाठवू का?" काका अगदी हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी 'हो'चं बटण दाबलं.

रेवा दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं. "झालं का हो, मावशी?"

मी पडद्याकडे पाहिलं. "पट्टी अजून रिकामी आहे गं," मी म्हणाले. "चहा घे, बस."