तोलून बसवलेली मोटार

फूलचंदशेटची मोटार आठवडाभर डाव्या अंगाला कलून उभी होती. कडेवर पोर घेऊन लेकुरवाळी बाई दारात उभी राहावी, तशी ती अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राही. पंचक्रोशीत तेवढी एकच मोटार. त्यामुळे तिचं कलणंही साऱ्या गावाच्या डोळ्यांवर आलं होतं.

शेटजी खाली वाकले, डोकं आत घातलं आणि बाहेर काढून म्हणाले, "पाटा तुटला."

मोटारीचं सारं ओझं चाकांवरच्या कमानी झेलतात. कमान म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, त्याच पाटे. त्यातला एक मोडला, की गाडीचा तो खांदा पडलाच.

"मंग मालेगावच्या जगदेव मिस्त्रीले बोलवा न," त्यांची बायको पानाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "परवा इंझोरीचे पाहुणे येऊन राह्यले, आपल्या कस्तुरीले पाह्याले."

"मिस्त्री कायले पाहिजे? त्याले दोन हात हायेत, मले काय एकच हाय?"

"हात नाई मोजून राह्यली मी. दिवस मावळाच्या आत त्याइचं ताट झालं पाहिजे. पह्यल्याच खेपेले पाहुणे आपल्या दारी उपाशी झोपले, तं झाली सोयरीक!"

ते खरंच होतं. घर जैनांचं; सूर्य बुडाला की या घरातली चूलही बुडे. पाहुण्यांकडेही तोच नेम. अंधारात कोणी घासही घेत नसे. आणि मालेगावला बस दुपार कलल्यावर येई. तिथून घर दोन कोस, तेही कच्च्या रस्त्यानं. मोटार चालली तर ताट वेळेवर, नाही तर कस्तुरीचं लग्न उपाशीच राहायचं.

"तू ताट पाह्य, मी मोटार पाह्यतो," शेटजी म्हणाले आणि त्यांनी धोतराचा काचा मारला.

शेटजींचा जन्म तूर-ज्वारी तोलण्यात गेला होता. दुकानातली तागडी एकीकडे झुकली, तर ती ते स्वतःच ठीक करत; दुसऱ्याचा हात लागू देत नसत. मोटारीकडे त्यांनी तागडीच्याच नजरेनं पाहिलं. डावं पारडं खाली गेलं आहे, तर डावीकडे पाटा घालून ते वर उचला. नवा पाटा कुठून आणायचा? दारातच पाहुण्यारावळ्यांसाठी ठेवलेली कमानीची दमणी उभी होती. दोन बैलांची, छपराची, मऊ चालीची. शेटजींनी तिच्या कमानीतला एक पाटा काढून मोटारीच्या डाव्या अंगाला घातला.

डावी बाजू वर आली. आता उजवी खाली दिसू लागली. शेटजींनी उजवीकडे एक घातला. तेव्हा डावी रुसली. मग डावीकडे एक. पारड्यात चिमूट चिमूट दाणे टाकावेत तसे शेटजी पाटे टाकत गेले, आणि दमणी हळूहळू भुईला टेकत गेली.

दमणी हाकणारा भाऊसिंग तांड्यावरून आला तो डोळे फाडून बघतच राहिला.

"शेटजी, माह्या दमणीच्या कमानी कोठी गेल्या?"

"मोटारीत."

"मंग दमणीत काय राह्यलं?"

"तू हायस न!"

संध्याकाळी शेटजींनी मोटारीच्या टपावर पाण्यानं काठोकाठ भरलेला लोटा ठेवला. थेंब सांडला नाही. "पाह्य," ते म्हणाले, "केसाचा फरक नाई!"

पानाबाईंनी मान वर, आणखी वर केली. "सरळ झाली खरी. पण पाहुण्याइले आत चढवाले शिडी लागन."

पाहुणे यायच्या दिवशी शेटजी मोटार घेऊन शीळ घालत निघाले. ते पांदीच्या वळणाआड गेले, तशा पानाबाईंनी भाऊसिंगला हाक मारली. कमानींच्या जागी दमणीत कापसाची दोन गाठोडी आणि चार गोधड्या दाबून भरल्या.

"तूही जाय मागून. सामान आणाले."

"शेटजीनं इचारलं तं?"

"सामानच सांग. माणसं आणा लागली, तं माणसं आण."

मालेगावला बस आली. लखमीचंदशेट उतरले, शेंगेसारखे सडपातळ, डोक्यावर फेटा. मागून त्यांच्या अंगुरीबाई, ऐसपैस, हसऱ्या. त्यांना मोटारीत चढवायला शेटजींनी पानटपरीवरून एक खोकं मागून आणलं.

मोटार चालू लागली आणि रस्त्यातला एकेक दगड आपली ओळख थेट पाहुण्यांच्या हाडांशी करून देऊ लागला. इतके पाटे एकावर एक बसले होते, की कमान लवायचं विसरूनच गेली होती. लखमीचंदांचा फेटा टपाला लागे, पुन्हा डोक्यावर येई. दोन्ही बाजूंनी पांढरं शुभ्र शिवार. कापूस वेचणाऱ्या बायांनी ओटीतले हात थांबवले, आणि एकीनं गळा काढला:

*व्याह्याची मोटार, वाटंनं उड्या मारे,*
*आतल्या पाहुण्याले, दिवसा दिसती तारे!*

"गाणं चांगलं हाय," अंगुरीबाई दोन उसळ्यांच्या मधल्या जागेत म्हणाल्या.

निम्म्या वाटेवर मोटारीखाली कडाड् झालं. गाडीनं उजवीकडे मान टाकली आणि ती थांबली. शेटजी खाली शिरले. पाटे वाढत गेले, पण त्यांना आवळून धरणारा बोल्ट होता तेवढाच राहिला होता. शेवटच्या दोन आट्यांवर टेकलेला नट गळून पडला होता आणि पाटे पत्त्यांसारखे पसरले होते.

सूर्य दोन कासरे वर होता. मागून घुंगरं वाजवत दमणी आली. शेटजींचा चेहरा तिला पाहून आधी फुलला, मग पडला.

"व्याहीबुवा, तुमी दमणीत बसा. जेवणाची वेळ टळाले नको. मी पाह्यतो इकडं."

पण लखमीचंदांचं लक्ष दमणीकडे नव्हतं. ते मोटारीखाली पाहत होते, आणि त्यांचे डोळे लकाकत होते.

"हे तं लय सोपं हाय," ते म्हणाले आणि फेटा उतरवून त्यांनी बायकोच्या हाती दिला. "मिस्त्री कायले पाहिजे? सरका थोडे. पाना द्या इकडं."

अंगुरीबाईंनी कपाळाला हात लावला. "झालं! घरचं घड्याळ याइनंच उघडलं होतं, भाऊ. तवापासून ते भिंतीवर निस्तं लटकून हाय." त्या दमणीत बसल्या. "हाक बाबा. याइचं जेवण आज होत नाई, माह्यं तं होऊ दे."

भाऊसिंगनं बैलांच्या पाठीवर हात फिरवला. कापसाच्या गाठोड्यांवर दमणी पाळण्यासारखी हलत निघाली. अंगुरीबाईंना मघाचं गाणं आठवलं. त्या ते गुणगुणत आल्या. मागे रस्त्यावर मोटारीखालून दोन जोड पाय बाहेर आले होते, आणि आतून आवाज येत होता: "तसा नाई, आसा!" "आवो, तुमी उलटा धरून राह्यले!"

ऊन अंगणात होतं, तोवर अंगुरीबाईंचं ताट झालं. कस्तुरीनं पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. मुलगी खाली मान घालून हसली, ते हसणं मोटारीच्या कहाणीवर होतं, हे अंगुरीबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांना ती तेवढ्यासाठीच आवडली.

"पोरगी पसंत हाय बाई," त्या हात धुऊन म्हणाल्या. "तुमाले काही इचाराचं आसन तं इचारा."

पानाबाईंनी पदर सावरला. बराच वेळ त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती.

"एकच इचारतो. पोरगा... बापावर गेला का?"

अंगुरीबाई ओशाळल्या. "खोटं काहून बोलू? त्या बाबतीत पोरगं अगदीच हे हाय. त्याले खिळा ठोकता येत नाई. काही बिघडलं, की सरळ उचलून मिस्त्रीकडं नेते."

पानाबाईंनी गुळाचा खडा उचलून विहिणीच्या तोंडात घातला. "मंग पक्कं!"

दिवेलागणीनंतर, परत पाठवलेल्या बैलांच्या मागे ओढली जात मोटार आली. सुकाणूवर फूलचंदशेट, शेजारी लखमीचंद. दोघांची तोंडं ग्रीसनं एकसारखी काळी, पोटं एकसारखी रिकामी. शेटजी उतरले ते मान खाली घालूनच.

"पानाबाई, घात झाला. पाहुणे माह्या दारी उपाशी राह्यले. आता सोयरीक..."

"सोयरीक कवाच झाली," पानाबाई म्हणाल्या. "तुमाले सकाळी सांगणार होतो. झोपा आता."

सकाळी भाऊसिंग मालेगावला जाऊन जगदेव मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीनं हत्यारांची पेटी खाली ठेवली आणि तो थबकला. कडुनिंबाखालच्या मोटारीखालून न्याहारी उरकलेले चार पाय बाहेर आले होते, आणि आतून ठोकाठोकी ऐकू येत होती.

"पानाबाई, म्या सुरू करू काय?"

पानाबाईंनी ओट्यावर सतरंजी टाकली, चहाचा कप पुढे ठेवला.

"बस भाऊ. आधी त्याइचं मोडून होऊ दे."