तपासणीपुरता बरा डोळा

आमच्या आण्णांनी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना फसवलं, आणि त्यांच्याबरोबर मलाही. मी बैलांचा व्यापारी. बाजाराच्या आदल्या दिवशी शिंगं तासून, तेल लावून उभा केलेला म्हातारा बैल मी लांबून ओळखतो. मला फसवणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात नाही, असं मी भरे गावातल्या आमच्या ओट्यावर बसून कित्येकांना ऐकवलं आहे. आता ऐकवता येत नाही.

आण्णा माझ्या बायकोचे चुलते. कोळवणला एकटे राहतात. डावा डोळा लहानपणीच गेलेला, आणि उजव्याला आतून सूज येते. ती मोजायची रीत अशी : अंधाऱ्या खोलीत यंत्रावर हनुवटी टेकवून बसवतात, डोळ्यात उजेडाची बारीक तिरीप सोडतात. कौलाच्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगते, तशा आतल्या पाण्यात पेशी तरंगताना दिसतात. त्या डॉक्टर मोजतात. एकही नसली तर शून्य, मग अर्धा प्लस, एक प्लस, असं चार प्लसपर्यंत.

हे कळल्यापासून आण्णा सगळं जग याच मापानं मोजू लागले. "पोरी, साखर अर्धा प्लस टाक." एसटीतून उतरले की, "गर्दी तीन प्लस हुती." मी गिऱ्हाइकावर ओरडलो की आतून आवाज यायचा, "जावईबापू, चार झालं. फुडं माप न्हाई!" गिऱ्हाईक हसायचं आणि माझा सौदा मोडायचा.

बाई पहिल्यांदा "दोन प्लस" म्हणाल्या, तेव्हा मी सवयीनं म्हणालो, "मॅडम, दीड करा."

"मला दिसतं तेच मी लिहिते," बाई म्हणाल्या.

आण्णा हनुवटी न हलवता बोलले, "बाई, दोनच ऱ्हाऊ द्या. ह्ये कुटं बी भाव पाडत्यात."

त्यानंतर दर तपासणीला शून्य. एसटी चुकायला नको म्हणून आण्णा दोन दिवस आधीच आमच्याकडे येत. बायको बाईंनी दिलेले थेंब वेळच्या वेळी डोळ्यात घाली. बाई शून्य बघून खूश होत आणि औषध कमी करत.

गेल्या महिन्यात मात्र बाई यंत्रापाशी बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "आज सूज नाही. पण बाहुली वाकडी झाली आहे, मागच्या भिंगाला चिकटली आहे. मधल्या दिवसांत सूज चढल्याशिवाय असं होत नाही. आण्णा, घरी थेंब घालता ना?"

"घालतो की."

"मला खरं सांगा. असंच चाललं तर हाही डोळा जाईल."

आण्णा पिशवी उचलून उठले. जीपमध्ये बसल्यावर मी भडकलो. "घालता ना? मग घालून दाखवा."

त्यांनी मान मागे टाकली, बाटली वर धरली. हात लटपटत होता. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा मिशीत, तिसरा सदऱ्यावर.

"घरी बी आसंच हुतंय," ते म्हणाले. "गालाला मातर लई गुण हाय."

मला हसू आलं नाही. दर तपासणीचं शून्य आमच्या घरच्या दोन दिवसांच्या थेंबांचं होतं. "मग आमच्याकडे राहायचं होतं!"

"लेकीच्या घरी दोन दिस पाव्हना. त्याच्या वर ऱ्हायलं तर शोभत न्हाई."

"आणि बाईंना का नाही सांगितलं?"

"त्या म्हनल्या आस्त्या, घरात कोन हाय थेंब घालाया. काय सांगायचं मंग?" ते खिडकीबाहेर बघू लागले. तिकडेच बघत म्हणाले, "पोरीचा हात हलका हाय. ती डोक्याला धरती ना, तवा डोळा आपसूक उघडा ऱ्हातुया."

मी जीप कोळवणला नेलीच नाही. आण्णा आमच्याकडेच आहेत. रोज सकाळी पिशवी भरतात, बायको ती रिकामी करते. बाहुली सुटेल की नाही, हे बाई अजून सांगत नाहीत.

पण माझा राग गेलेला नाही. आण्णा, डोळा एकच, तोही विझायला लागला, तरी तुमच्यानं एक फोन झाला नाही. पुतणी तुमची आणि तिचं घर परक्याचं, हे तुम्हाला शिकवलं कुणी? ज्यानं शिकवलं असेल, त्याला माझ्यासमोर उभा करा. तो नसेल, तर तुम्ही उत्तर द्या.